पुसेगावच्या पियानोच्या पट्ट्या

आधी नुसती एक पट्टी आली. हिंगोलीत मी पेटीचे वर्ग घेते. त्या खोलीच्या दारात एका सकाळी साठी ओलांडलेले एक गृहस्थ उभे राहिले आणि त्यांनी टॉवेलात गुंडाळलेली एक लांबट वस्तू माझ्या मांडीवरच्या पेटीवर ठेवली. मला वाटलं, तुटलेली बासरी असेल. टॉवेल सोडला तर हातभर लांबीचं लाकूड निघालं. त्याच्या पुढच्या टोकावर पिवळट पांढरं पान चिकटवलेलं होतं, नखासारखं पातळ, आणि त्याचा एक कोपरा तुटून वर आला होता.

"पियानोची पट्टी आहे," ते म्हणाले. "अशा सगळ्याच बदलायच्या आहेत. तुम्ही पेटीच्या पट्ट्या बसवता असं कळलं."

बसवत होते. माझे वडील नरसीचे, देवळाच्या सेवेतले. आसपासच्या भजनी मंडळांच्या पेट्या आमच्या ओसरीवर दुरुस्तीला यायच्या. पट्टीवरचं झिजलेलं पान काढणं, लाकूड घासून सपाट करणं, नवं पान चिकटवून कडा कानशीनं मारणं, हे मी त्यांच्या शेजारी बसून शिकले. पण पियानो मी जवळून पाहिलासुद्धा नव्हता. तसं मी सांगितलं.

"काम तेच आहे, फक्त मोठं आहे," ते म्हणाले. मग त्या तुटक्या कोपऱ्याकडे बोट न लावता बघत म्हणाले, "इथं तिला लागत असेल."

तुटक्या कडेवर तपकिरी डाग होता. मला तो गंजाचा वाटला.

हे काका रेल्वेत नोकरीला होते, सगळा जन्म सिकंदराबादेत गेलेला. बायको तिथल्या एका शाळेत पियानो शिकवायची. निवृत्तीनंतर दोघं पुसेगावला शेतावर राहायला आले, तेव्हा ट्रकमध्ये फ्रीज, कपाटं आणि पियानो आला. दोन पावसाळे झाले आणि बायको गेली. हे सगळं त्यांनी चहा थंड होईपर्यंत सांगितलं. "तिला लागत असेल" याचा अर्थ मी दुःखाच्या खाती टाकला. माणूस गेल्यावर काही वर्षं लोक असंच बोलतात. माझी आईसुद्धा वडिलांच्या चपला उन्हातून उचलून सावलीत ठेवायची.

मी हो म्हटलं ते लोभानं. पैशाच्या नव्हे, त्या पट्टीच्या. तिच्या मधोमध, जिथं बोट पडतं तिथं, पानाला खोलगट वाटी पडली होती. इतकी झिजलेली पट्टी मी कधी पाहिली नव्हती.

पुढचे काही दिवस मी मोबाइलवर पियानो दुरुस्त करणाऱ्यांचे व्हिडिओ बघितले आणि सामान जमवलं: जुनी इस्त्री, सुती फडकी, पातळ पात्याची सुरी, निरनिराळ्या खरखरीचे पॉलिश पेपर, कानशी, लाकूड दाबून धरणारे छोटे शिकंजे. नवी प्लास्टिकची पानं कोलकात्याहून मागवली. ती आल्यावर मी जीपनं पुसेगावला गेले. होळी होऊन गेली होती. शिवारात हळद शिजत होती आणि तिचा उग्र, मातकट वास गावभर होता.

घर गावाबाहेर, सिमेंटचं, अलीकडे बांधलेलं. दार उघडलं ते काकांच्या थोरल्या बहिणीनं. त्यांना सगळे आक्का म्हणत, मीही म्हणू लागले. त्या विधवा, आणि भावाबरोबरच राहणाऱ्या. त्यांनी मला पियानोच्या खोलीपर्यंत नेलं आणि उंबऱ्याशी थांबल्या. मी आत जाऊन विचारलं, "आक्का, इथं पाणी कुठं मिळेल?"

खोली हुंकारली.

दुसरा शब्द नाही माझ्याकडे. माझं बोलणं संपलं आणि त्या काळ्या पेटाऱ्यातून माझ्याच सुराचा लांबट, बारीक हूं आला आणि विरला. मी आक्कांकडे पाहिलं. त्यांनी हातानंच मला बाहेर बोलावलं.

"त्या खोलीत आमी बोलत न्हाई," त्या अंगणात आल्यावर म्हणाल्या. "बोललं की ते वळख देते."

कारण मला थोड्या वेळानं सापडलं. पियानोच्या प्रत्येक तारेवर लोकरीची गादी टेकलेली असते, ती तार गप्प ठेवते. खालचा पेडल अडकल्यामुळे सगळ्या गाद्या वर उचललेल्या राहिल्या होत्या. मोकळ्या तारा कुठल्याही आवाजाला साद देतात. मी खोकले तरी आतून खोकल्याचा मऊ पडसाद यायचा. कारण कळल्यावर भीती जायला हवी होती. गेली नाही. मीही त्या खोलीत तोंड मिटून काम करू लागले. पेडल शेवटी बघू, असं ठरवलं.

मी समोरची फळी काढली, पट्ट्यांवरचं झाकण बिजागऱ्यांसकट काढून भिंतीला टेकवलं. पट्ट्या एकेक करून खिळ्यांवरून उचलून घेतल्या. प्रत्येकीवर मागच्या बाजूला आकडा ठोकलेला असतो, म्हणून क्रम चुकत नाही. त्या मी जमिनीवर चादरीवर ओळीनं मांडल्या. मग एकेका पानावर ओलं फडकं घालून वर इस्त्री टेकवायची, वाफ आत शिरू द्यायची, खालचा जुना सरस मऊ झाला की सुरीचं पातं अलगद सरकवायचं. घाई केली की पान तडकतं. प्लास्टिक नव्हतं ते, हस्तिदंत होता. उन्हाकडे धरला की आत बारीक रेषा दिसायच्या, तळहातासारख्या. ओलं पान सुटलं की वळायला लागतं, म्हणून लगेच दोन फळ्यांत दाबून ठेवावं लागतं.

लाकडावरचा उरलेला सरस खरवडताना हस्तिदंताची धूळ उडाली. तिचा वास ओळखीचा वाटला, कुठला ते आठवेना. मग लक्षात आलं. दाताच्या डॉक्टरकडे मशीन चालू झाल्यावर तोंडात जो वास येतो, तो.

आक्का उंबऱ्यावर उभ्या राहून बघायच्या. एकदा त्यांनी पानांच्या ढिगाकडे बोट केलं, पदर तोंडाला लावला आणि निघून गेल्या.

सगळ्या पट्ट्या सारख्या झिजल्या नव्हत्या. टोकाच्या जवळजवळ कोऱ्या होत्या. मधल्या काही इतक्या खोल गेल्या होत्या की पान कागदासारखं झालेलं. मी डोळे मिटून त्या वाट्यांवरून बोटं फिरवली. माझी बोटं त्यांत बसली नाहीत. त्या वाट्या माझ्यापेक्षा रुंद बोटांच्या होत्या. तेव्हा मी एवढंच मनात म्हटलं, की बाईंचे हात मोठे असतील.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशीची दुपार. जेवणं झाली होती, काका आतल्या खोलीत झोपले होते. पट्ट्या सगळ्या खाली चादरीवर. पियानोत नुसती मोकळी चौकट आणि तिच्यात ओळीनं उभे पितळी खिळे. मी कोपऱ्यात बसून एक पट्टी घासत होते. काका दारातून आत आले.

मी उठायला गेले. ते माझ्याकडे बघत होते, पण त्यांची नजर माझ्यावर अडली नाही, भिंतीपर्यंत गेली. त्यांनी चादर ओलांडली, एकाही पट्टीवर पाय न देता. स्टूल ओढलं, बसले. दोन्ही हात त्या मोकळ्या चौकटीवर ठेवले आणि वाजवायला लागले.

आवाज आला नाही असं म्हणवत नाही. बोटं खिळ्यांच्या डोक्यांवर आणि लाकडावर पडत होती, टप, टप, आणि तेवढ्या धक्क्यानं मोकळ्या तारा आतून हलत होत्या. लांब शेतात कुणी गुणगुणावं तसं काहीतरी खोलीत पसरत होतं. पेटी शिकवणाऱ्या माणसाला हात बघून सूर कळतात. डावा हात एका जागी पाळणा हलवल्यासारखा चालला होता, उजवा वर जात होता, परत येत होता. हे चाळवाचाळव करणारे हात नव्हते. वर्षानुवर्षं बसवलेले हात होते.

वरच्या बाजूला जाताना एका ठिकाणी त्यांचं मधलं बोट झटकन मागे आलं, चटका बसल्यासारखं. पुन्हा तिथं आलं, पुन्हा मागे आलं. मी जागा मोजली. तुटक्या कोपऱ्याची पट्टी तिथं असते. ती पट्टी त्या वेळी माझ्या हातात होती.

त्यांच्या त्या बोटाला चिकटपट्टी होती.

माझ्या खांद्यावर कुणीतरी हात ठेवला आणि मी ओरडणारच होते. आक्का होत्या. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं. "झोपेत हाय तो. हाक मारू नका."

त्या खोलीनं तेसुद्धा ऐकलं आणि परत म्हटलं.

काका थांबले. हात क्षणभर तसेच राहिले. मग त्यांनी दोन्ही हातांनी पियानोचं झाकण खाली ओढून लावलं. झाकण तर भिंतीला टेकवलेलं होतं. हात हवेतून सावकाश खाली आले, मिटलेल्या झाकणावर टेकावेत तसे टेकले. मग ते उठले, आले तसे गेले, आणि आतून खाट करकरली.

आक्का मला अंगणातल्या लिंबाखाली घेऊन गेल्या.

"त्यांना पियानो येतो?" मी विचारलं.

"कुठला येतो. जागेपणी एक बोट न्हाई चालत त्याचं. भावजय होती तव्हा ती वाजवायची, हा निस्ता ऐकायचा बाजूला बसून."

"मग हे कधीपासून?"

"ती गेल्यावर. दिवस घातले, पाव्हणे गेले, अन् लगी दुसऱ्या दुपारी. मी भाकरी टाकून राहिले होते. वाटलं, तीच बसली." आक्कांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "त्यालाबी तसंच वाटते. उठला की म्हणते, आक्का, ऐकलंस का, ती आली होती."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"काहून सांगू? काय सांगू? त्याच्या हातावानी हात न्हाईत ते, ताई. तुमी बघितले न्हाई का?"

चारच्या सुमारास काका उठून आले, तोंडावर पाणी मारलेलं, ताजेतवाने. माझ्यासाठी चहा घेऊन आले होते. म्हणाले, "आज आली होती. पण फार लांबून वाजवल्यासारखं वाटलं."

मी चहा घेतला.

त्या संध्याकाळी जीपमध्ये मी ठरवलं होतं की उद्या जायचं नाही. सकाळी गेले. अर्धं सोललेलं वाद्य टाकून देणं मला जमत नाही, आणि खरं सांगायचं तर मला पुन्हा बघायचंही होतं. पण आयत्या वेळी धीर झाला नाही. काम संपेपर्यंत दुपारी मी अंगणात बसून कडा घासत राहिले आणि खोलीचं दार ओढून घेतलं.

प्लास्टिकची पानं हस्तिदंतापेक्षा जाड असतात. ती बसवायची तर खालचं लाकूड तेवढं तासावं लागतं, नाहीतर पट्ट्या उंच होतात. ते केलं. चिकटवलं, शिकंजे लावले, वाळल्यावर कडा कानशीनं लाकडाबरोबर केल्या, काळ्या पट्ट्यांसाठीच्या खाचा साफ केल्या, शेवटी कापडानं घासून चकाकी आणली. पेडलची दांडी सोडवली. गाद्या तारांवर टेकल्या आणि खोली पहिल्यांदा गप्प झाली. मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "झालं." काही परत आलं नाही. काका पांढऱ्या शुभ्र ओळीकडे बघून हसले. जुनी पानं मी एका मिठाईच्या डब्यात भरून त्यांच्या हवाली केली.

आखाडात ते पुन्हा हिंगोलीला आले. ओळखू येईनात इतके उतरले होते. मिठाईचा डबा त्यांनी पेटीवर ठेवला.

"ही परत बसवा."

"काका, ती झिजलीत, पिवळी पडलीत. एक तुटलेलं आहे."

"ती येत नाही," ते म्हणाले.

माझ्या हातून काय झालं होतं ते मला त्याच क्षणी कळलं. आक्कांनी नंतर सांगितलं ते तसंच होतं. तो उठून येतो, बसतो, बोटं ठेवतो. मग उचलून विजारीला पुसतो. पुन्हा ठेवतो, पुन्हा पुसतो. थोड्या वेळानं जातो. बोटांना त्या पट्ट्या ओळखीच्या वाटत नव्हत्या.

मी काकांना म्हटलं, "तुटक्या कडेनं लागेल पुन्हा." आणि माझी नजर नकळत त्यांच्या बोटाकडे गेली. तिथं आता बारीक पांढरा व्रण होता.

त्यांनी ती नजर पाहिली. बोट मिटलं नाही की लपवलं नाही. उलट हात पुढे करून माझ्यासमोर धरला.

"मला माहीत आहे ताई. झोपून उठल्यावर बोट कापलेलं असायचं, उशीला रक्त असायचं. मी काय खुळा आहे? हात माझेच आहेत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण मला वाजवता येत नाही. तुम्ही बसवून बघा, सा सुद्धा लागणार नाही. मग वाजवतं कोण? आक्काला बोलू नका. तिला वाटतं मला ठाऊक नाही. त्यानं तिला बरं वाटतं."

त्या घरात दोघंही एकमेकांपासून एकच गोष्ट जपत होते. मी कुणालाच काही सांगितलं नाही.

परत बसवणं जास्त कठीण गेलं. लाकूड मी तासलेलं होतं, हस्तिदंत पातळ. मध्ये तेवढ्या जाडीचं लाकडाचं पातळ पान चिकटवून उंची भरून काढली. हस्तिदंतातून खालचा रंग दिसतो, म्हणून सरसात पांढऱ्या खडूची पूड मिसळून मग पान टेकवलं. प्रत्येक पान त्याच्याच पट्टीवर जायला हवं होतं. डब्यात सगळी मिसळली होती. मागच्या आकड्यांचा उपयोग नव्हता, ते पट्ट्यांवर होते, पानांवर नव्हते. रुंदीवरून आणि खाचांवरून बरीचशी लागली. मधली एकसारखी आठ-दहा उरली. ती कशी लावली ते सांगते. काकांना डोळे मिटून बसवलं आणि एकेक पान त्यांच्या बोटाखाली धरलं. ते म्हणायचे, "मला काय कळणार?" पण काही पानांवर बोट ठेवताच त्यांचं मनगट आपोआप वळायचं, पुढच्या सुराकडे निघाल्यासारखं. ज्या बाजूला वळलं, त्यावरून मी जागा ठरवली. त्यांचे डोळे मिटलेले होते, पण ते जागे होते, माझ्याशी पावसाबद्दल बोलत होते. मनगट मात्र त्या बोलण्यात नव्हतं. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

तुटका कोपरा मी भरला नाही. नुसती कड बारीक पॉलिश पेपरनं गोल केली, आकार तोच ठेवला. रक्त येणार नाही एवढंच बघितलं.

चार-पाच दिवसांनी दुपारी आक्कांचा फोन आला. "ऐका," एवढंच म्हणाल्या आणि फोन धरून ठेवला. आधी चुलीवरच्या तव्याचा आवाज आला, कोंबड्यांचा आला, मग त्यामागून पियानो. स्वच्छ, घाई नसलेला. वर्गातल्या मुली माझ्याकडे बघत होत्या. मी फोन कानाला लावून उभी राहिले आणि तो थांबल्यावरच त्यांना सरावाचा पुढचा पलटा दिला.

काकांच्या आग्रहावरून मी मध्यंतरी त्यांना जागेपणी शिकवायला चार-सहा वेळा गेले. त्यांना खरंच शिकायचं होतं. पण बोटं काड्यांसारखी ताठ, एक खाली जाताना शेजारचं बरोबर जाणार. सारेगम सरळ झालं नाही. घामाघूम व्हायचे, हसायचे. शेवटी त्यांनीच नको म्हटलं. मला वाईट वाटलं आणि सुटल्यासारखंही.

दिवाळीनंतर, तेही व्हिडिओ बघूनच शिकून, तारा सुरात लावायला गेले होते, ती शेवटची खेप. काम आटोपून जेवले, काका झोपायला गेले. आक्का अंगणात तूर निवडत बसल्या होत्या, मी पिशवी भरत होते. आत पियानो सुरू झाला. मी आता दचकत नव्हते. ऐकत उभी राहिले.

तो नेहमीचा नव्हता. चार सूर आले, पाचव्याला शेजारचाही सूर लागला, काका जागेपणी करायचे तसा, आणि थांबला. पुन्हा पहिल्यापासून चार सूर, पाचवा चुकला. मग सावकाश, एकेक सूर धरून, पाचवा बरोबर आला. मग सगळी ओळ पुन्हा, जरा लवकर. शिकवताना मी मुलींना करायला लावते तसं. आत कुणीतरी रियाज करत होतं.

आक्कांचे हात सुपात थांबले.

"हे नवीन हाय," त्या म्हणाल्या. "हे भावजय कव्हाच वाजवत नव्हती."

आतली ओळ पुन्हा अडखळली. मग थोडी शांतता, कुणी शेजारी बसून काही समजावून सांगावं एवढी. मग पुन्हा पहिल्यापासून. आक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. दोघीही उठलो नाही. सडकेवर जीपचा हॉर्न वाजला, ती माझ्यासाठी थांबली, थोडा वेळ वाट बघून निघून गेली.